आदिलशहाचा राजवाडा: विधानसभा गेल्यानंतर

पणजीत मांडवीकाठी उभ्या असलेल्या आदिलशहाच्या राजवाड्याला जुनी माणसे आजही ‘सचिवालय’च म्हणतात. विधानसभा तिथून पर्वरीच्या टेकडीवर गेली २००० साली. तेव्हापासून या वास्तूचे नेमके काय करायचे, हा प्रश्न पडून आहे.

मूळ बांधकाम विजापूरच्या युसूफ आदिलशहाचे, इ.स. १५०० च्या आसपासचे. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला आणि लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय इथे उतरू लागले. साथींनी जुने गोवे ओस पडू लागले, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयने बिऱ्हाडच इथे हलवले. पणजी वाढली ती या वाड्याच्या आधाराने. १८४३ मध्ये ती ‘नोव्हा गोवा’ नावाने राजधानी झाली. १९१८ मध्ये गव्हर्नर पणजीजवळच्या काबोला राहायला गेला. वाड्यात उरल्या त्या कचेऱ्या.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर प्रवेशद्वारावरच्या व्हाइसरॉयच्या राजचिन्हांची जागा अशोकचक्राने घेतली. ९ जानेवारी १९६४ रोजी गोवा, दमण व दीवच्या ३० आमदारांची पहिली विधानसभा इथेच भरली. जिथून दोनशे वर्षे हुकूम सुटले, त्या वाड्यात गोव्याची माणसे पहिल्यांदाच आपले कायदे करायला बसली. माझ्या लेखी या वास्तूचा सगळ्यात मोलाचा काळ तोच.

महाराष्ट्रात विलीनीकरणाचा वाद आमच्या घराघरांत पेटला होता. जनमत कौल निःपक्षपणे व्हावा म्हणून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. पुढे ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला तोही याच सभागृहात: कोकणी राजभाषा, आणि मराठीलाही सरकारी कामकाजात मुभा. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले.

आमदार गेल्यावर वाड्यात राज्य संग्रहालय आले. २०१६ पासून काही वर्षे डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनेही इथे लागली. त्यानिमित्ताने दारे उघडली, तरुण पोरे आत आली, ही चांगलीच गोष्ट. पण भिंतीवरची चित्रे पाहताना इथे कोण कशासाठी भांडले, हे त्यांना कळायला हवे ना? शेजारीच संमोहनविद्येचे गोमंतकीय प्रवर्तक आबे फारिया यांचा पुतळा आहे, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. निदान सभागृहाचे दालन तरी कायमचे राखून ठेवावे आणि १९६४ पासूनची भाषणे तिथे वाचायला, ऐकायला मिळावीत, मराठीतली आणि कोकणीतलीही.