‘सुरू’चं लाकूड आणि घरी बनणारी फ्लॅमेंको गिटार: थोडी पार्श्वभूमी

फ्लॅमेंको म्हणजे दक्षिण स्पेनातलं गाणं, नाच आणि गिटार. आमच्याकडं कुणी घरी ही फ्लॅमेंको गिटार बनवायला घेतली की पंधरा दिवसांत गाडी एकाच ठिकाणी अडते, मागच्या आणि बाजूच्या फळ्यांना लाकूड कुठलं घ्यायचं. बघावं तिथं स्पॅनिश सायप्रेस, म्हणजे एका उंच, निमुळत्या झाडाचं हलकं लाकूड, लिहिलेलं असतं, आणि ते लातूरला सोडा, मुंबईतही सहज हाताला लागत नाही. मग माणूस वर्षभर वाट बघतो, नाहीतर नाद सोडतो. मला वाटतं दोन्हीची गरज नाही, आणि का नाही हे कळायला ते लाकूड फ्लॅमेंकोत आलं कसं ते बघावं लागतं.

फार मागं जात नाही. विहुएला हे जुनं स्पॅनिश तंतुवाद्य, मग जोडतारांची गिटार, मग १८०० च्या आसपास सहा एकेरी तारा, हे वाचणाऱ्यांना माहीत असतंच. फ्लॅमेंकोशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते जिप्सी, म्हणजे रोमा, लोक मूळचे भारतातले म्हणून ही गिटारही आपलीच, असं कुणीतरी हमखास म्हणतं. रोमा लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे आणि १४२५ मध्ये ते स्पेनात पोचल्याची नोंद आहे, इथपर्यंत खरं. पण गिटार त्यांनी इथून नेलेली नाही, ती त्यांना तिकडंच भेटली.

आपल्या कामाची गोष्ट १८१७ ला दक्षिण स्पेनातल्या आल्मेरियाजवळ जन्मलेल्या आंतोनिओ दे तोरेस ह्या सुतारापासून चालू होते. हा माणूस आधी सुतारच, गिटारीत नाव झालं ते नंतर सेविलला गेल्यावर. आज आपण ज्या साच्यावर काम करतो तो बहुतेक त्यानंच पक्का केलेला, मोठं अंग, साधारण ६५० मिलिमीटरची तार, वरच्या फळीच्या पोटाला पंख्यासारख्या पसरलेल्या सात बारीक पट्ट्या. १८६२ ला त्यानं एक गिटार अशी केली की मागचा आणि बाजूचा भाग चक्क पुठ्ठ्याचा, फक्त वरची फळी चांगल्या लाकडाची. आवाज खरा वरच्या फळीत असतो हे दाखवायला. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात अजून आहे. ज्याला सायप्रेसवाचून झोप येत नाही त्यानं ह्या पुठ्ठ्याच्या गिटारीचा फोटो भिंतीला लावावा असं मी मनापासून सांगतो.

ह्याच तोरेसनं रोझवूडच्या, म्हणजे शिसवाच्या कुळातल्या लाकडाच्या, केल्या, मेपलच्या केल्या, सायप्रेसच्याही केल्या, आणि सायप्रेसची म्हणजे स्वस्तातली. इथंच जुना वाद आहे. एक बाजू म्हणते सायप्रेस आवाजासाठीच घेतलं, हलकं लाकूड, सूर पटकन उठतो आणि पटकन विझतो, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात गाण्याबजावण्याच्या कॅफेत माईक नव्हते तेव्हा नाचणाऱ्याच्या टाचांच्या दणदणाटातून गिटार ऐकू यायला तसाच कोरडा, धारदार आवाज लागायचा. दुसरी बाजू म्हणते ते दारातलं लाकूड होतं, स्वस्त होतं, आणि वाजवणारे गरीब होते, एवढंच. त्या काळी फ्लॅमेंकोची वेगळी आणि क्लासिकलची वेगळी अशी विभागणी पक्की नव्हती, ती २०व्या शतकात घट्ट झाली. मला दुसरी बाजू पटते. आधी गरिबाचं लाकूड आलं, त्याच्या आवाजावर कान बसला, मग तोच आवाज म्हणजे फ्लॅमेंको असं ठरून गेलं. पत्र्याच्या डब्याच्या तुणतुण्यावर गोंधळ ऐकत मोठं झालेल्याला लाकडी नळीचं तुणतुणं गोड वाटतं, पण गोंधळातलं वाटत नाही, तसंच हे.

आता ‘सुरू’. हा शब्द नीट सोडवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण ह्याच्यापायी पैसे वाया जातात. शब्दकोशात सायप्रेस बघितलं की सुरू सापडतं. मग माणूस लाकडाच्या वखारीत जातो, सुरू आहे का विचारतो, आणि वखारवाले मामा म्हणतात, “हाय की, किती बल्ल्या पायजे?” कारण आज महाराष्ट्रात सुरू म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर रांगेनं लावलेलं ते झाड, ज्याच्या बल्ल्या स्लॅबच्या सेंटरिंगला लागतात. त्या झाडाचं आणि सायप्रेसचं लांबचंही नातं नाही. लांबून सुईसारखी पानं दिसतात, जवळून बघितलं तर ती पानं नसून सांधे असलेल्या बारीक हिरव्या काड्या असतात. ते झाड मूळचं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं. लाकूड दगडासारखं कठीण, वाळताना चिरतं, आणि सायप्रेसच्या जवळपास दुप्पट जड. मी स्वतः एक बल्ली आणून फाडून बघितली, रंध्याचं पातं दोनदा लावावं लागलं आणि फळी आठवड्यात पिळून बसली.

मग शब्द आला कुठून? फारसीत सायप्रेसला सर्व म्हणतात. उर्दू गझलेत उंच, सडपातळ प्रेयसीला सर्वाची उपमा देतात. आमच्या गल्लीत निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले एक चाचा होते, त्यांना सुरू म्हटलं की बल्ली नाही, बागेतलं ते निमुळतं झाडच आठवायचं. म्हणजे जुना शब्द बरोबरच होता, नवं झाड आलं आणि दिसायला तसंच म्हणून नाव घेऊन बसलं. उत्तराखंडात मात्र हिमालयातल्या खऱ्या सायप्रेसला अजून सुराई म्हणतात. तेव्हा सायप्रेसच हवं असेल तर वखारीत सुरू मागू नका, सुराई किंवा हिमालयन सायप्रेस म्हणा, आणि फळी हातात घेऊन ताजी कापलेली कड हुंगून बघा. सायप्रेसला वास असतो, बल्लीला नसतो.

१९६० नंतर फ्लॅमेंको गिटार गाणाऱ्याच्या शेजारून उठून स्टेजच्या मधोमध आली. मोठ्या हॉलमध्ये एकट्यानं वाजवायची म्हटल्यावर सूर लांबवणारं लाकूड हवं झालं, आणि रोझवूडची नेग्रा, म्हणजे काळी, रुळली. सायप्रेसची ती ब्लांका, पांढरी. त्याआधी १९४० च्या दशकात आतड्याच्या तारा जाऊन नायलॉन आलं, त्यानंही आवाज बदलला, पण त्याबद्दल कुणी भांडत नाही. रोझवूडचं मात्र १९९२ पासून चित्रच पालटलं. ब्राझीलच्या रोझवूडच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि गिटारवाल्यांचा सगळा भार आपल्या शिसवावर आला. मग २ जानेवारी २०१७ पासून रोझवूडचं सगळं कूळच परवान्याच्या यादीत गेलं, तयार गिटार देशाबाहेर पाठवायची तरी कागद लागायला लागले, दोन-अडीच वर्षं सगळे वैतागले, आणि २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. २०२२ ला आणखी एक वेगळी सवलत मिळाली, पण ती उत्तरेकडच्या शीशमच्या वस्तूंसाठी, १० किलोच्या आतल्या. शीशम म्हणजे आपलं शिसव नव्हे, जातभाई आहे. बाजारात दोन्हीला शिसम म्हणतात, बिलावर काय लिहिलंय ते बघून घ्या. घरी स्वतःसाठी एक गिटार करणाऱ्याला ह्या निर्यातीच्या कागदांशी देणंघेणं नाही, पण भाव चढले ते ह्या भानगडीतच. जुन्या वाड्यातला मोडका शिसवी पलंग मिळाला तर सोडू नये.

घरात हे काम होऊ शकतं ह्याचं कारण स्पॅनिश पद्धतच तशी आहे. एका सपाट पाटावर वरची फळी पालथी ठेवायची, मान आधीच तिला जोडलेली, मानेच्या टाचेत दोन खाचा, त्यात बाजूच्या पट्ट्या सरकवायच्या, मग सगळ्यात शेवटी पाठ. मोठी मशीन लागत नाही. पट्टी वाकवायला तापलेला लोखंडी पाईप आणि पाणी. आपले सुतार सुतात मोजतात, ८ सूत म्हणजे १ इंच, आणि ह्या बाजूच्या पट्ट्या २ मिलिमीटर जाड, म्हणजे एक सूतही नाही, ऐकूनच सुतार मान हलवतात. पहिली फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, कुठं येते ते काढायला तारेच्या लांबीला, ६५० ला, १७.८१७ नं भागायचं, ३६.४८ मिलिमीटर येतात, उरलेल्या लांबीला परत तसंच, बाराव्या फ्रेटला बरोबर ३२५ वर आलं तर हिशोब जमला. चिकटवायला जुन्या लोकांचा सरस उत्तम. फेविकॉल आल्यावर सुतारांच्या शेडमधून सरसाचं भांडं गेलं, पण सरस गरम पाण्यानं सुटतो, उद्या गिटार उघडून दुरुस्त करायची झाली तर त्याच्यासारखं काही नाही.

आमच्या हवेचं मात्र सांभाळावं लागतं. माझ्या पहिल्या गिटारीच्या वरच्या फळीच्या पोटाच्या पट्ट्या मी ऐन श्रावणात चिकटवल्या, माळवदाच्या घरातल्या ढाळजेत, भिंतीसुद्धा ओलसर होत्या. पुढच्या मे महिन्यात दुपारी खोलीत काडकन् आवाज झाला, जाऊन बघतो तर ब्रिजपासून, म्हणजे तारा बांधायच्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत फळीला सरळ चीर. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगलेली फळी उन्हाळ्यात आक्रसली आणि पट्ट्यांनी तिला हलू दिलं नाही. तेव्हापासून वरची फळी आणि पाठ मी दिवाळीनंतरच चिकटवतो, आर्द्रता ४५-५० टक्क्यांच्या आसपास असताना. आर्द्रता मोजायचा स्वस्तातला मीटर पुरतो.

मानेला तिकडं जे स्पॅनिश सीडर वापरतात त्याचं भावंड आपल्याकडं आहे, तून. सितारीला हेच लागतं, त्यामुळं मिरजेच्या बाजूला चांगलं वाळलेलं मिळतं. वरची स्प्रूसची, म्हणजे थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडाची, फळी मात्र बाहेरूनच मागवा, तिथं काटकसर करू नका, पुठ्ठ्याच्या गिटारीलाही वरची फळी चांगलीच होती. पॉलिश लाखेचं. तिकडचे कारागीर ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात त्याची लाख बरीचशी भारतातून जाते. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ कपच्या, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचा, गाळायचा, सुती फडक्याच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत चढवायचा. मला हे नांदेडच्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्या काकांनी शिकवलं, जन्मभर त्यांनी कपाटंच केली, गिटार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वजन बघून दचकले. बोळा हातात देऊन म्हणाले, “तेलाचा एकच थेंब घी, आन् मधी थांबू नको, थांबलास की डाग बसला.”