तेप्पानची खरी ताकद: जाड आणि मंद लोखंड

तेप्पान म्हणजे जपानी स्वयंपाकातली सपाट लोखंडी प्लेट, आणि तिच्यावर भाजण्याची पद्धत म्हणजे तेप्पानयाकी. तेप्पानयाकीचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सारखे समोर येतात. शेफ तापलेल्या लोखंडी प्लेटवर कांद्याच्या चकत्या एकावर एक रचतो, मधल्या पोकळीत तेल आणि मद्य ओततो, पेटवतो आणि हातभर उंच भडका उडतो. बघणाऱ्यांचा समज असा होतो, की या स्वयंपाकाचं सगळं मर्म त्या ज्वाळेत आहे. प्रत्यक्षात त्या भडक्याने जवळपास काहीच शिजत नाही. तो चार-दोन सेकंद टिकतो आणि त्याची उष्णता हवेबरोबर वर निघून जाते. पदार्थ शिजतो तो खालून, लोखंडाला जिथे तो टेकलेला असतो तिथे.

भडक्याचा हा खेळ मुख्यतः अमेरिकेत वाढला. हिरोआकी ‘रॉकी’ आओकी यांनी 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेनिहाना हे रेस्टॉरंट सुरू केलं आणि ग्राहकासमोर सुऱ्या फिरवणारा, कांद्याचा ज्वालामुखी करणारा शेफ जगभर पोहोचला. त्याच्या बऱ्याच आधी, 1945 मध्ये, जपानच्या कोबे शहरात मिसोनो हे रेस्टॉरंट निघालं होतं. लोखंडी प्लेटवर ग्राहकासमोर स्टेक भाजण्याची पद्धत आपणच सुरू केली, असं ते सांगतात. जपानमधल्या अशा रेस्टॉरंटांत आजही शेफ बहुतेक शांतपणे काम करतो, आणि पाहण्यासारखं जे असतं ते त्याच्या हातांच्या जागा बदलण्यात असतं. हा शेफ गॅसची खुंटी क्वचितच फिरवतो. तो पदार्थ सरकवतो. का, ते समजून घ्यायला लोखंडाच्या आत डोकवावं लागेल.

चांगलं भांडं म्हणजे उष्णता झटपट वाहून नेणारं भांडं, असं आपण धरून चालतो. त्या हिशेबाने लोखंड मागे पडतं. तेप्पान सहसा बिडाची नसते. ती लाटून काढलेल्या साध्या पोलादाची असते, आणि अशा पोलादाची उष्णतावाहकता अॅल्युमिनियमच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी, तर तांब्याच्या आठव्या हिश्श्याइतकी भरते. तरीही व्यावसायिक तेप्पानसाठी दीड-दोन सेंटीमीटर जाडीची पोलादी प्लेटच वापरतात.

आधी स्पर्शाच्या क्षणाचा विचार करू. 220 अंश सेल्सिअसच्या प्लेटवर 10 अंशांचा मांसाचा तुकडा ठेवला, तर दोघं भेटतात त्या पृष्ठाचं तापमान किती होईल? ते दोन्ही पदार्थांच्या एका गुणावर ठरतं. वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. ही संख्या ज्याची मोठी, त्याच्या बाजूला संपर्कपृष्ठाचं तापमान झुकतं. पोलादाची ही संख्या मांसाच्या सुमारे दसपट असते. म्हणून संपर्कपृष्ठ जवळजवळ 200 अंशांवर राहतं. तीच प्लेट अॅल्युमिनियमची असती तर 210 च्या आसपास, आणि ग्रॅनाइटची असती तर 150 च्या आसपास. म्हणजे स्पर्शाच्या क्षणी पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्यात फारसं अंतर नाही. वाहकता इतकी कमी असूनही पोलाद इथे टिकून राहतं, कारण त्याची घनता जास्त आहे.

मात्र हे गणित प्लेट अमर्याद जाड आहे असं मानून केलेलं असतं. खरी प्लेट कुठेतरी संपते. पृष्ठाला गारवा लागला, की तो आत उतरत जातो आणि खालच्या बाजूला पोहोचला की प्लेटमधल्या उष्णतेची शिल्लक संपू लागते. तिथे पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 2 मिलिमीटरच्या पोलादी तव्यात तो साधारण एक तृतीयांश सेकंद असतो. 20 मिलिमीटरच्या तेप्पानमध्ये तोच जवळपास अर्धा मिनिट. जाडी दहापट, वेळ शंभरपट! मला या सगळ्या विषयात हा वर्ग फार आवडतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात मांसाच्या दृष्टीने ती प्लेट खरोखरच अमर्याद जाड असते, आणि खरपूस थर धरायला सुरुवात होते ती याच अवधीत.

आता साठ्याचा हिशेब. एक मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 2 सेंटीमीटर जाड प्लेटचं वजन 94 किलो भरतं. तिचं तापमान सगळीकडे फक्त 10 अंशांनी उतरलं, तरी चारशे किलोज्यूलहून अधिक उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात फ्रीजमधून काढल्यासारख्या थंड पाण्याची दीडशे ग्रॅमहून जास्त वाफ होईल. घरच्या सव्वा किलोच्या तव्याने तसेच 10 अंश गमावले, तर जेमतेम दोन ग्रॅम. आणि भाजणं ही मुळात पाण्याशी लढाई आहे. मांस असो वा कोबी, पृष्ठावर ओल आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही. तपकिरी रंग आणि खमंग वास देणाऱ्या मेलार्ड अभिक्रियेला मात्र साधारण 140 अंशांच्या पुढेच जोर येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार्ड यांनी शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही अभिक्रिया 1912 मध्ये मांडली. पातळ तवा ओल उडवता उडवताच थंड पडतो आणि मांस स्वतःच्या पाण्यात उकडतं. जाड प्लेट ओल उडवूनही गरम राहते. याची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते. अशी प्लेट तापायला अर्धा तास सहज जातो, म्हणून ग्राहक येण्याच्या बऱ्याच आधी ती पेटलेली असते.

आता पदार्थ सरकवण्याकडे येऊ. पोलादातून उष्णता आडवी पसरते तीही सावकाश, मिनिटभरात तीनएक सेंटीमीटर. अॅल्युमिनियममध्ये हे अंतर अडीचपट झालं असतं आणि सगळी प्लेट बघता बघता एकसारखी झाली असती. पोलादी तेप्पानवर बर्नरच्या वरचा भाग खूप तापलेला, त्याच्या बाजूचा मध्यम आणि कडा कोमट, असे पट्टे तासन्‌तास टिकतात. मुंबईतला पावभाजीवाला मोठ्या तव्याच्या कडेला भाजी लोटून ठेवतो आणि मध्ये लोण्यावर पाव भाजतो, तो याच गुणधर्मावर. तेप्पानचा शेफ मांस भर आचेच्या पट्ट्यात भाजतो, मग कडेला सरकवून आत उष्णता मुरू देतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मोड आलेले मूग परततो. ज्योत कमी-जास्त केली तर 94 किलो लोखंडाला त्याची दखल घ्यायला कितीतरी मिनिटं लागतील. उलथण्याने काम एका क्षणात होतं.

या पट्ट्यांचा सर्वांत सुंदर उपयोग मला हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत, म्हणजे थरांच्या जाड धिरड्यासारख्या पदार्थात, दिसतो. 1945 च्या अणुबॉम्बनंतर बेचिराख झालेल्या शहरात अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठावर आणि लोखंडी प्लेटांवर हा पदार्थ वाढला. आज तिथल्या ओकोनोमिमुरा या एकाच इमारतीत याची वीसहून अधिक छोटी दुकानं आहेत. आधी प्लेटवर पिठाचा पातळ थर पसरतात. त्यावर चिरलेल्या कोबीचा ढीग, मोड आलेले मूग आणि डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या येतात. मग सगळं एका झटक्यात उलटतात. आता मांस खाली, लोखंडाला टेकलेलं. त्याची चरबी सुटते आणि ते कुरकुरीत होऊ लागतं. मधला कोबी पाणी सोडतो, त्याची वाफ वर निघते, पण वर झाकणासारखा पिठाचा थर असतो. वाफ त्याला अडते, पुन्हा पाणी होते आणि पाणी होताना दर ग्रॅमला सव्वादोन किलोज्यूलहून जास्त उष्णता कोबीला परत देते. खाली दीडशे अंशांचं भाजणं आणि त्यावर बोटभर अंतरावर शंभर अंशांचं वाफवणं, दोन्ही एकाच वेळी. शेजारच्या पट्ट्यात नूडल्स परतल्या जातात आणि शेवटी अंड्याच्या थरावर हे सगळं चढवतात.

मोठ्या आचेवर मांस भाजलं की वरचा थर बंद होऊन आतला रस कोंडला जातो, ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1847 मध्ये लोकप्रिय केली आणि ती अजून मेनूकार्डांवर जिवंत आहे. तो थर पाणी अडवत नाही. भाजताना सतत ऐकू येणारा चरचराट हाच त्याचा पुरावा: रस बाहेर येतोय आणि त्याची वाफ होतेय. दुसरी विक्रीची युक्ती म्हणजे भांड्यांच्या जाहिरातींतले ‘फार इन्फ्रारेड’ (far infrared) किरण, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण. उबदार असलेली प्रत्येक वस्तू हे किरण सोडते, तुमचा तळहातसुद्धा. 220 अंशांच्या प्लेटमधून किरणांवाटे मिळणारी उष्णता स्पर्शाने मिळणाऱ्या उष्णतेपुढे किरकोळ असते, आणि त्या किरणांत औषधी असं काहीही नाही. अशा जाहिरातीला भुलून जादा पैसे मोजू नयेत.

तोक्योच्या त्सुकिशिमा भागात मोंजायाकी मिळते, ती ग्राहक स्वतःच तेप्पानवर करतात. तिचं पीठ इतकं पातळ असतं, की बराच वेळ ते नुसतं बुडबुडत राहतं आणि रंग धरत नाही. पाणी आटलं की कडेने तपकिरी जाळी येऊ लागते. मग ग्राहक छोट्या उलथण्याने थोडं मिश्रण लोखंडावर दाबून धरतो, तेवढाच पातळ थर कोरडा होऊन कुरकुरीत होतो, आणि तो खरवडून तसाच तोंडात जातो.