अमेरिकेच्या नव्या प्रशासनात राजकीय नियुक्ती: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका अडतो कुठे

दर चार वर्षांनी नोव्हेंबरमध्ये अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही मनातली मंत्रिमंडळे तयार होऊ लागतात. परराष्ट्र खाते कोणाला मिळेल, अर्थखात्यात कोण बसेल, आरोग्य खात्यात आपल्यापैकी कोणाचा नंबर लागेल, अशा गप्पा रंगतात आणि त्यांतूनच काही जण खरोखर अर्ज करण्याच्या तयारीला लागतात. या अर्जांपैकी जे मागे पडताना पाहिले, त्यांतल्या पुष्कळांत उमेदवाराची योग्यता कमी नव्हती. भारतातला एखादा कागद, एखादी तारीख किंवा एखादे विसरलेले खाते आडवे आले होते. म्हणून या लेखात नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आणि अडणाऱ्या जागा सविस्तर दिल्या आहेत.

नवे प्रशासन २० जानेवारीला दुपारी १२ वाजता सत्तेवर येते आणि त्याला सुमारे ४,००० राजकीय पदे भरायची असतात. त्यांपैकी सुमारे १,३०० पदांना राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. १५ खात्यांचे मंत्री, त्यांचे उपमंत्री आणि राजदूत या गटात येतात. व्हाइट हाउसमधील बहुतेक सल्लागार आणि ‘शेड्यूल सी’ या वर्गातील विशेष सहायक, भाषणलेखक वगैरे पदांना ती लागत नाही. हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे नीरा टंडन यांच्या उदाहरणावरून कळते. अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठीचे त्यांचे नामनिर्देशन जुन्या ट्वीट्सवरून सिनेटमध्ये अडले आणि मार्च २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. पण त्याच टंडन २०२३ मध्ये व्हाइट हाउसच्या देशांतर्गत धोरण परिषदेच्या प्रमुख झाल्या, कारण त्या पदाला सिनेटचे दार ओलांडावे लागत नाही. कोणते पद कोणत्या गटात मोडते, हे ‘प्लम बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी पदसूचीत दिलेले असते. ते न वाचता ‘कोणतेही योग्य पद चालेल’ असे लिहिणारा अर्ज वाचणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नसतो.

आपल्याकडची एक समजूत इथे बाजूला ठेवावी लागते. महाराष्ट्रात मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत विधिमंडळाचे सदस्य व्हावे लागते. अमेरिकेत नेमके उलटे आहे, तिथे काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याला मंत्री होण्यासाठी सदस्यत्व सोडावे लागते. मार्को रुबिओ यांनी जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना सिनेटचा राजीनामा दिला तो याच कारणाने. त्यामुळे निवडणूक न लढवलेल्या माणसाला मंत्रिपदाचा रस्ता बंद आहे, असे मानण्याचे कारण नाही.

पात्रतेचा पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. जन्माने अमेरिकन असण्याची अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यापुरती आहे. हेन्री किसिंजर जर्मनीत आणि मॅडलिन ऑलब्राइट प्रागमध्ये जन्मल्या होत्या, तरी दोघेही परराष्ट्रमंत्री झाले. मात्र नागरिकत्व हातात असले पाहिजे. ‘ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज केला आहे, शपथ लवकरच होईल’ या भरवशावर अर्ज पाठवू नये, कारण गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी नागरिकालाच मिळते.

दुसरा प्रश्न फक्त पुरुषांना लागू होतो आणि तो बहुतेकांना ऐनवेळी कळतो. १८ ते २५ या वयात अमेरिकेत राहणाऱ्या पुरुषाने, तो ग्रीन कार्डधारक असला तरी, लष्करी भरतीच्या ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ यादीत नाव नोंदवणे बंधनकारक आहे. ही नोंदणी ज्याने जाणूनबुजून टाळली, त्याला संघीय प्रशासनात नेमता येत नाही, असा कायदा आहे. २६ वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी करताच येत नाही, म्हणजे चूक लक्षात येईपर्यंत ती सुधारण्याची सोय संपलेली असते. विद्यार्थी व्हिसावर येऊन २६ वर्षांचे होईपर्यंत त्याच वैध दर्जात राहिलेल्यांना ही अट नाही, पण ते सिद्ध करायला त्या काळातले आय-२० (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) लागतात, आणि वीस वर्षांपूर्वीचा आय-२० कोणी जपून ठेवलेला नसतो. ज्यांना आई-वडिलांबरोबर विशीच्या आत ग्रीन कार्ड मिळाले आणि ज्यांना या नोंदणीबद्दल कोणी सांगितलेच नाही, त्यांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून आपल्या स्थितीचे पत्र मागवावे आणि हे अनवधानाने राहिले याचे लेखी स्पष्टीकरण तयार ठेवावे. पत्र यायला वेळ लागतो, म्हणून हे काम बोलावणे येण्याची वाट न पाहता आधीच करावे.

प्रत्यक्ष अर्ज सोपा असतो. विजयी उमेदवाराच्या संक्रमण पथकाच्या (सत्तांतराची तयारी करणाऱ्या गटाच्या) संकेतस्थळावर, आणि शपथविधीनंतर व्हाइट हाउसच्या कर्मचारी नियुक्ती कार्यालयाकडे, माहितीपत्र आणि इच्छित पद कळवायचे असते. २० जानेवारी ही शेवटची तारीख आहे, असा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोक एक तर घाईने अर्धवट अर्ज करतात किंवा फेब्रुवारीत ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देतात. नियुक्त्या चारही वर्षे चालू राहतात आणि पहिली फळी बाहेर पडू लागली की बऱ्याच जागा मोकळ्या होतात.

खरा अर्ज त्यानंतर सुरू होतो, म्हणजे एखाद्या पदासाठी तुमचा विचार होत असल्याचा फोन आल्यावर. सुरक्षा तपासणीचा एसएफ ८६ हा फॉर्म छापला तर शंभराहून अधिक पानांचा होतो आणि तो भरायला दिलेली मुदत मात्र थोडी असते. गेल्या दहा वर्षांतील पत्ते आणि रोजगार त्यात खंड न पडता द्यावे लागतात. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) घरी काढलेली वर्षे रिकामी सोडून चालत नाहीत. ती बेरोजगारीची म्हणून दाखवून त्या काळाची माहिती असणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. अलीकडच्या तीन वर्षांतील प्रत्येक पत्त्यावर तुम्हाला ओळखणारा कोणी तरी, शक्यतो शेजारी, सांगावा लागतो. शेजाऱ्याशी कधी बोलणेच झाले नसेल, तर त्याची अडचण या रकान्यात कळते.

नातेवाइकांच्या भागात मराठी अर्जदार हमखास थबकतो. आई-वडील, सासू-सासरे, सख्खी भावंडे यांची पूर्ण नावे, जन्मतारखा, जन्मस्थळे आणि आधीची नावे हवी असतात, आणि ती हयात नसलेल्यांचीही हवी असतात. आईचे माहेरचे नाव आठवते, पण लग्नात पहिले नावही बदलले असेल तर शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरेच नाव असते. ही सगळी नावे लिहावीत. एखादेच ‘बरोबर’ नाव निवडण्याच्या भानगडीत पडू नये. वडिलांची जन्मतारीख १ जून लागलेली असेल, आणि त्या पिढीत गुरुजींच्या कृपेने ती कितीतरी जणांची तशीच आहे, तर कागदावरची तारीख देऊन फॉर्ममध्ये अंदाजे तारखेसाठी असलेल्या चौकटीत खूण करावी आणि शेरा लिहावा. नातेवाइकाचा परदेशी सरकारशी संबंध आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ लिहिण्याआधी भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे किंवा मेव्हणी तलाठी आहे, हे आठवावे. ती सरकारी नोकरीच आहे. ती सांगितल्याने कोणी बाद होत नाही. लपवल्याने होते, कारण खोटी माहिती देणे हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. गेल्या सात वर्षांत जवळचा आणि सततचा संबंध असलेले परदेशी नागरिकही द्यायचे असतात, म्हणजे रोज बोलणारा आतेभाऊ त्यात येतो. लग्नात एकदा भेटलेले काका येत नाहीत.

आजवर मिळालेला प्रत्येक परदेशी पासपोर्टही त्यात विचारतात. नागरिकत्व घेतल्यावर रद्द करून परत मिळालेला, कोपरा कापलेला भारतीय पासपोर्ट म्हणूनच जपून ठेवावा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) म्हणजे भारताचे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे ‘दुहेरी नागरिकत्व’ असे लिहू नये. पण कार्ड असल्याचे शेऱ्यात स्पष्ट नोंदवावे.

सर्वांत अधिक गोंधळ मालमत्तेत होतो, कारण दोन फॉर्म एकाच मालमत्तेबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि हा फरक कोणतेही कार्यालय आपण होऊन समजावून सांगत नाही. वरच्या पदांसाठी १९७८ च्या शासकीय नीतिमत्ता कायद्याखाली भरायच्या ‘२७८ ई’ या आर्थिक विवरणपत्रात तुमच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्या मुलांच्या १,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या किंवा २०० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न दिलेल्या गुंतवणुकी येतात. पुण्यातला फ्लॅट स्वतःच्या राहण्यापुरता ठेवला असेल तर तो यात येत नाही, भाड्याने दिला असेल तर येतो. एसएफ ८६ मध्ये मात्र तो दोन्ही परिस्थितींत येतो, आणि तिथला प्रश्न ‘आहे का’ एवढाच नसून ‘कधीही होते का’ असा आहे. त्यामुळे बोलावणे आल्यावर घाईने वडिलांबरोबरच्या संयुक्त मुदत ठेवीतून नाव काढून घेण्यात काही अर्थ नाही; ते खाते तरीही दाखवावे लागते आणि वर नाव आताच का काढले, हा नवा प्रश्न उभा राहतो.

गावाकडच्या जमिनीचे काय, हे अर्जदार विचारतच नाहीत, कारण ती आपली आहे असे त्यांना वाटतच नाही. आजोबा किंवा वडील गेल्यावर वारस नोंदीने तुमचे नाव सातबाऱ्यावर चढलेले असू शकते आणि चुलत भाऊ ती जमीन कसत असल्याने तुम्हाला त्याची गंधवार्ताही नसते. महाराष्ट्र सरकारच्या महाभूलेख या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर उतारा पाहून घ्यावा. नाव असेल तर मालमत्ता कशी आणि कधी मिळाली आणि सहमालक कोण, हे सांगावे लागते, म्हणजे उताऱ्यावरची सगळी भाऊबंदकी इंग्रजी लिपीत उतरवावी लागते. हे काम एका संध्याकाळचे नाही.

एलआयसीच्या पॉलिसी, पीपीएफ आणि भारतातले म्युच्युअल फंड यांचीही यादी करावी आणि ती कर विवरणाशी ताडून पाहावी. परदेशी खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारे वार्षिक विवरण) भरलेला असायला हवा, आणि केवळ सहीचा अधिकार असलेली खातीही त्यात धरली जातात. तो राहिला असेल तर जाणकार कर सल्लागाराकडून आधी निस्तरून घ्यावा, कारण करांची तपासणी होतेच आणि तिने मोठमोठ्यांना घरी बसवले आहे. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांचे ॲटर्नी जनरल या न्यायखात्याच्या प्रमुखपदाचे नामनिर्देशन बेकायदा वास्तव्य असलेल्या घरकामगारांमुळे आणि त्यांच्या न भरलेल्या करांमुळे गेले; २००९ मध्ये टॉम डॅशल यांनी थकलेल्या आयकरावरून आरोग्यमंत्रिपदाचे नामनिर्देशन सोडले. घरी मुलांना सांभाळायला किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना रोखीने पैसे देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सिनेटमधील टप्पे, म्हणजे समितीची सुनावणी, समितीचे मतदान आणि सभागृहाचे मतदान, तुमच्या हातात नसतात. २०१३ पासून साधे बहुमत पुरते, एवढे माहीत असले तरी चालेल. वेळेचा अंदाज मात्र चुकतो. विवेक मूर्ती यांचे सर्जन जनरल या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या पदासाठीचे नामनिर्देशन नोव्हेंबर २०१३ मध्ये झाले आणि संमती मिळाली डिसेंबर २०१४ मध्ये. अधिवेशन संपले किंवा सिनेट ३० दिवसांहून जास्त काळ सुटीवर गेली आणि सर्वसंमतीने सूट दिली नाही, तर प्रलंबित नामनिर्देशन राष्ट्राध्यक्षांकडे परत जाते आणि ते नव्याने पाठवावे लागते. तोवर त्या पदाचे काम करता येत नाही, म्हणून केवळ नाव जाहीर झाले म्हणून चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि मुलांच्या शाळा हलवू नयेत. मधल्या काळात भारतात जाऊन आलात, तिथे काही विकलेत किंवा वारसाने काही मिळाले, तर तुमची फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात लेखी कळवावे.