२४,५८३ मीटर अंधार

मेघालयात मॉसिनरामच्या परिसरात ‘क्रेम पुरी’ नावाची गुहा आहे. खासी भाषेत क्रेम म्हणजे गुहा. २०१८ साली मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनच्या मोहिमेनंतर तिची लांबी जाहीर झाली : २४,५८३ मीटर. वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा, अशा बातम्या आल्या. मी मात्र त्या शेवटच्या ‘३’पाशी अडलो. साडेचोवीस किलोमीटर म्हटलं असतं तर पटलं असतं. मिट्ट काळोखात, कुठे पोटावर सरपटत तर कुठे पाण्यातून चालत जाताना हा वरच्या तीन मीटरांचा हिशेब ठेवला कोणी?

आपल्याला गुहा म्हटलं की लेणी आठवतात. लेण्यात शिरलं की चार पावलांवर मागची भिंत दिसते, कारण ती माणसानं कोरलेली असते. आपला बेसॉल्ट पाण्यात सहजी विरघळत नाही. मेघालयात चुनखडी आणि वालुकाश्म आहे, आणि पाऊस तर जगजाहीरच. तिथल्या गुहा फाटे फोडत, मजले चढत-उतरत जातात. आत जीपीएसचा उपयोग शून्य. उपग्रहाचा क्षीण संदेश काही मीटर खडकातच विरतो.

मग मोजणी होते ती जुन्या मोजणीदाराच्या साखळीसारखी, टप्प्याटप्प्यानं. एक जण पुढे जाऊन भिंतीवर किंवा दगडावर खूण करतो. बऱ्याचदा नेलपॉलिशचा एक ठिपका. ओल्या गुहेत खडू टिकत नाही. मागच्या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर लेझर मारायचा. हातातलं यंत्र तीन आकडे देतं : अंतर, दिशा, चढ-उतार. समजा अंतर ८.४२ मीटर, दिशा उत्तरेपासून २१३ अंश, उतार ६ अंश. दहावीची त्रिकोणमिती लावली की कळतं, आपण ७.०२ मीटर दक्षिणेला, ४.५६ मीटर पश्चिमेला आलो आणि ८८ सेंटिमीटर खाली उतरलो. मग पुढचा ठिपका. टप्पा सरासरी आठ-दहा मीटरांचा धरला, तर क्रेम पुरीसाठी असे अडीच-तीन हजार टप्पे होतात.

यातला लबाड आकडा दिशेचा. घरातल्या लोखंडी कपाटाजवळ फोनमधलं होकायंत्र उघडून बघा, उत्तर सरकलेली दिसेल. गुहेत तेच काम हेल्मेटवरची बॅटरी किंवा दोराची पोलादी कडी करते. दहा मीटरांच्या टप्प्यात दिशा एका अंशानं चुकली, तर आपण साधारण १७ सेंटिमीटर बाजूला जातो. शंभर टप्प्यांत, म्हणजे किलोमीटरभरात, या चुका कधी डावीकडे कधी उजवीकडे झाल्या तर बऱ्याचशा एकमेकींना खातात. शेवटी पावणेदोन मीटरांच्या आसपास फरक उरतो. पण बॅटरी दर वेळी एकाच बाजूला ओढत असेल तर तोच फरक १७ मीटर होतो. म्हणून गुहामापकांचं आवडतं ‘डिस्टोएक्स’ हे यंत्र आधी लोखंडापासून दूर, वेगवेगळ्या दिशांना ५६ वेळा रोखून जुळवून घेतात. आत प्रत्येक टप्पा तीनदा मोजतात. तिन्ही आकडे जुळले तरच तो टप्पा धरायचा.

तरी चूक राहतेच. ती पकडून देते खुद्द गुहाच. एखादा फाटा फिरून मूळ वाटेला मिळाला की आपण पुन्हा त्याच जुन्या ठिपक्यापाशी येतो. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, वर-खाली, त्या फेरीतल्या सगळ्या सरकण्याची बेरीज शून्य यायला हवी. संगणक म्हणतो, तुम्ही ठिपक्याच्या दोन मीटर वर, हवेत आहात! फरक किरकोळ असेल तर तो सगळ्या टप्प्यांवर वाटून टाकतात. मोठा असेल तर कोणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत किंवा दिशा नेमकी उलटी घेतलीय. तो टप्पा शोधायला परत आत.

सगळ्यात सावकाश काम रेखाटणाऱ्याचं. ठिपक्यांची साखळी म्हणजे नुसता सांगाडा. भिंती कुठे फुगल्या, छत कुठे खाली आलं, पाणी कुठून झिरपतं, हे तोच काढतो. बाकीचे त्याच्यासाठी थंडीत कुडकुडत उभे राहतात, आणि त्यांनी कुरकुर करू नये असा संकेत आहे.

त्या ‘३’चा उलगडा असा : ती टप्प्यांच्या लांबीची बेरीज आहे, अचूकता नव्हे. रुंद दालनात ठिपके नागमोडी घेतले तर बेरीज वाढते, सरळ घेतले तर घटते. आणि न मोजता कोणी कितीही आत जाऊन आलं, तरी त्यातला एक मीटरही धरत नाहीत. पुढे नुसतंच धावत सुटणाऱ्याला या मंडळींत फारसा मान नाही.

नकाशात जिथे वाट अरुंद झाली किंवा पाण्यात बुडाली आणि परतावं लागलं, तिथे प्रश्नचिन्ह काढतात. मेघालयात मोहिमा कोरड्या ऋतूत निघतात, कारण पावसाळ्यात याच वाटा तुडुंब भरतात. पुढच्या हिवाळ्यात कोणीतरी एखादं प्रश्नचिन्ह निवडतं आणि नेलपॉलिशचा शेवटचा ठिपका शोधत आत शिरतं.