सावलीत किती प्रकाशकण पोहोचले?

शनिवार-रविवार गाठून चार-सहा जण फिल्म कॅमेरे घेऊन डोंगरात जातात. एकाच कड्यावर शेजारी शेजारी ट्रायपॉड लावून सगळे तीच दरी टिपतात. पुढे रोल धुऊन होतात आणि सगळ्यांच्या निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ओळीने मांडल्या जातात. आकाश, ढग, उन्हातला उतार थोड्याफार फरकाने सगळ्यांचे सारखेच आलेले असतात. खरा फरक दिसतो सावलीत. एकीच्या निगेटिव्हमध्ये कड्याखालच्या झाडीतली खोडं आणि खडकाच्या भेगा ओळखू येतात. दुसऱ्याच्या निगेटिव्हमध्ये त्याच जागी नुसती कोरी, पारदर्शक फिल्म असते.

त्या कोऱ्या जागेत काय घडायचं राहून गेलं हे एकदा नीट समजलं, की फिल्मवर निसर्गाचे फोटो काढण्याचे बहुतेक नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आधी फिल्मच्या आत शिरू.

प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक, अशी कृष्णधवल फिल्मची साधी रचना असते. स्फटिक सूक्ष्म म्हणजे किती? एक घन मायक्रोमीटरचा स्फटिक धरला, तर त्यात चांदीचे सुमारे २,००० कोटी आयन मावतात. शटर उघडलं आणि एखादा प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, या स्फटिकात शोषला गेला, की ब्रोमाइडच्या आयनातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो स्फटिकभर भटकतो आणि पृष्ठभागावरच्या एखाद्या खोटीपाशी अडकतो. तिथे ऋण प्रभार साठल्यामुळे आसपासचा चांदीचा एक मोकळा आयन तिकडे ओढला जातो. आयन आणि इलेक्ट्रॉन मिळून चांदीचा एक अणू तयार होतो. दुसरा इलेक्ट्रॉन आला की त्याच जागी दुसरा अणू, मग तिसरा. हे चित्र १९३८ साली रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं आणि त्याचा गाभा आजही मानला जातो.

इलेक्ट्रॉन अडकवणारी ही खोट बहुधा सिल्व्हर सल्फाइडच्या कणाची असते. यातलं गंधक पूर्वी आपोआप यायचं आणि कुठून येतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एका जिलेटिनची फिल्म चांगली निघायची, दुसऱ्याची मंद. १९२५ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी उलगडा केला. जिलेटिन बनतं गुराढोरांच्या हाडाकातड्यांपासून. त्या गुरांनी मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्लेल्या असल्या, तर त्यांतली गंधकाची संयुगं अत्यल्प प्रमाणात जिलेटिनपर्यंत पोहोचतात आणि फिल्म संवेदनशील होते. मला ही हकिकत फार आवडते, कारण ज्या अशुद्धीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालं असतं तिच्यावरच अख्खं छायाचित्रण उभं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. असे साधारण चार अणू एका ठिकाणी जमले, की तो स्फटिक ‘डेव्हलप होण्याजोगा’ होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून याला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात, गेल्यावर मात्र त्या चार अणूंपासून सुरुवात होऊन संपूर्ण स्फटिकाची काळी चांदी बनते. चार अणूंची खूण अब्जावधी पटींनी वाढते. पण ज्या स्फटिकात एकच अणू झाला किंवा एकही झाला नाही, त्याला डेव्हलपर जवळपास हात लावत नाही. त्यानंतरच्या द्रावणात, फिक्सरमध्ये, तो विरघळून निघून जातो.

एकेका स्फटिकाचा निकाल असा ‘सगळं किंवा काहीच नाही’ या पद्धतीने लागतो. करड्या छटा दिसतात, त्या त्या जागी किती स्फटिक काळे झाले यावरून. सावलीतल्या खडकावरून इतके कमी प्रकाशकण आले की जवळजवळ कुठल्याच स्फटिकात चार अणू जमले नाहीत, तर तिथे डेव्हलप करण्यासारखं काही उरतच नाही. ‘रोल पुश करून घेऊ’ असं सहलीत सहज म्हटलं जातं. पुश करणं म्हणजे फिल्म जास्त वेळ डेव्हलपरमध्ये ठेवणं. तसं केलं, की दृश्यातले उजळ भाग निगेटिव्हवर आणखी गडद होतात, मधल्या छटा वर सरकतात. पण कोऱ्या सावलीत तपशील जन्माला येत नाही. उलट बाजूला मात्र फिल्म बरीच सोशिक आहे. प्रकाश वाढत गेला की काळे व्हायचे स्फटिक हळूहळू संपत येतात, त्यामुळे उजळ भागांतला फरक एकदम न तुटता कमी कमी होत जातो. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० साली हे मोजून आलेखावर मांडलं. खाली लोळणारी सुरुवात, मध्ये सरळ चढण आणि वर कलंडणारा खांदा, असा तो वाकडा आलेख आजही बहुतेक फिल्मच्या माहितीपत्रकात असतो.

उजेड मोजून एक्सपोजर सुचवणाऱ्या लाइट मीटरला यातलं काही माहीत नसतं. तो ज्या जागेवर धरावा, ती मध्यम करडी आहे असं समजून आकडा देतो. दरीच्या दृश्यात निम्मं चकाकतं आकाश असेल, तर मीटर आकाशाला करडं करायला बघतो आणि झाडीला उपाशी ठेवतो. म्हणून निगेटिव्ह फिल्मवर मीटर आकाशाकडे न धरता, ज्या सावलीत तपशील हवा आहे तिच्याकडे धरावा आणि आलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). दोन स्टॉप कमी अशासाठी, की छापलेल्या फोटोत सावली करडी नको, गडदच हवी. फक्त तिच्यात काहीतरी दिसलं पाहिजे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास बांधलेल्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडणाऱ्या झोन पद्धतीतला हा तिसरा झोन. बाकीचे झोन नंतर शिकले तरी चालतील. सहलीला निघण्याआधी हा एक पक्का असावा.

जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट सुलट चित्र येतं, त्या स्लाइड फिल्मचा हिशेब याच्या नेमका उलटा. तिथे अंतिम चित्र बनतं ते पहिल्या डेव्हलपिंगमध्ये उरलेल्या स्फटिकांपासून. जास्त प्रकाश पडलेल्या जागी काही उरतच नाही आणि ढग कोरे होतात. शिवाय स्लाइडला जेमतेम पाच स्टॉपचा पल्ला झेपतो. त्यामुळे स्लाइडवाल्याने ढग सांभाळायचे आणि निगेटिव्हवाल्याने सावली. दोघं शेजारी उभे असले तरी एकमेकांचा आकडा उचलू नये.

आता आकाशाकडे वळू. सिल्व्हर ब्रोमाइडमधला इलेक्ट्रॉन सोडवायला फोटॉनकडे सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. निळ्या फोटॉनकडे ती असते. हिरव्याकडे सव्वादोनच्या आसपास आणि तांबड्याकडे दोनच्याही खाली. म्हणजे स्वतःच्या बळावर ही फिल्म फक्त निळा प्रकाश आणि अतिनील किरण बघते. एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गचित्रांत आकाश पांढरंफटक आणि झाडी काळीकुट्ट दिसते ती यामुळेच. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, अशा दोन जोडून फोटो छापले. १८७३ साली बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं, की स्फटिकाला योग्य रंगद्रव्य चिकटवलं तर ते हिरवा प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पुढे देतं. पुढे तांबड्यासाठीही रंगद्रव्यं सापडली आणि १९०६मध्ये सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा, म्हणजे फिल्मऐवजी काचेवर तोच थर चढवलेल्या पट्ट्या, बाजारात आल्या.

रंगद्रव्य आलं तरी मूळ निळी ओढ गेली नाही, म्हणून आकाश आजही थोडं फिकट उतरतं. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. त्याची किंमत सुमारे एक स्टॉप. तांबडा फिल्टर आकाश जवळजवळ काळं करतो, किंमत सुमारे तीन स्टॉप. इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. निरभ्र दिवशी सावलीवर सूर्याचा थेट प्रकाश नसतोच. तिला उजळतं ते निळं आकाश. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात, त्यामुळे सावलीतल्या प्रकाशात तांबडा भाग फार कमी. फिल्टरच्या डबीवर तीन स्टॉप लिहिलेले असले, तरी सावलीचं नुकसान तीनपेक्षा जास्त होतं आणि आधीच अर्धपोटी असलेले स्फटिक पुरते रिकामे राहतात. नाट्यमय आकाशाच्या नादात खालची दरी हरवते. माझं मत विचाराल तर दऱ्याखोऱ्यांसाठी पिवळा किंवा नारिंगी पुरे. दाट पांढऱ्या धुक्यात तर तांबडा चढवून उपयोगच नाही, कारण धुक्याचे थेंब रेणूंच्या मानाने प्रचंड मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात.

रंगीत फिल्ममध्येही या निळ्या ओढीची दखल घ्यावी लागते. निळा टिपणारा थर सर्वांत वर असतो आणि त्याच्याखाली पिवळ्या फिल्टरचा एक थर मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे खालच्या हिरव्या-तांबड्या थरांपर्यंत निळा प्रकाश पोहोचू नये.

सहलीतला सर्वांत मोलाचा प्रकाश पहाटेचा, आणि नेमका तिथे फिल्मचा हिशेब बिघडतो. एरवी प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यायची, परिणाम तोच. पण काही सेकंदांच्या वर गेलं की हे गणित चालत नाही. कारण स्फटिकातला चांदीचा एकटा अणू अस्थिर असतो. थोड्याच वेळात दुसरा इलेक्ट्रॉन आला नाही, तर तो पुन्हा विस्कटतो आणि तोवरची मिळकत वाया जाते. उजेड भरपूर असताना प्रकाशकण एकापाठोपाठ येतात, म्हणून ही गळती जाणवत नाही. झुंजूमुंजू असताना ते इतक्या अंतराने येतात, की स्फटिक पुन्हा पुन्हा शून्यावर येत राहतो.

हे सूत्रात प्रथम बसवलं कार्ल श्वार्झशिल्ड यांनी, १८९९च्या सुमारास, ताऱ्यांचे फोटो मोजताना. कृष्णविवराच्या सिद्धांतात ज्यांचं नाव येतं तेच हे. पुढच्या काळात खगोलशास्त्रज्ञ याच गळतीवर उपाय म्हणून काचा हायड्रोजनमध्ये ठेवत किंवा कॅमेरा अतिथंड करत. आपल्याला कोष्टक पुरतं. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मसाठी मोजलेल्या सेकंदांचा १.३१वा घात घ्यायचा असं कंपनीच सांगते. मीटरने ४ सेकंद सांगितले तर ६, १० सांगितले तर २०, ३० सांगितले तर जवळपास ८६ सेकंद. तीस सेकंदांनी केबल रिलीज सोडून दिली, तर फिल्मला हव्या त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा वेळ मिळतो, आणि सर्वांत जास्त मार बसतो तो अर्थात सावलीला, कारण तिथे प्रकाशकण आधीच विरळ. फुजीच्या वेल्व्हिया ५०मध्ये तर तिन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणात मागे पडतात आणि लांब एक्सपोजरला हिरवट झाक येते. ती सावरायला मॅजेंटा (किरमिजी) फिल्टर लावतात.

अशा पहाटेला गटाचा वेग ही खरी अडचण असते. प्रत्येक फ्रेमला दीड मिनिट शटर, मध्ये पुन्हा मीटर, आणि तोवर उजेड दुप्पट झालेला. बाकीचे पुढच्या वळणावर निघालेले असतात. आदल्या रात्रीच ठरवून टाकावं, की सूर्योदयाला सगळे एकाच जागी तासभर थांबणार. एकाने मीटर बघून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने कोष्टकातून खरा वेळ काढायचा. वही एकच ठेवावी, पण प्रत्येकाचा फ्रेम क्रमांक तिच्यात टिपावा. शटर उघडं असताना लाकडी मचाणावर किंवा मऊ मातीत कोणी येरझाऱ्या घालायच्या नाहीत. ट्रायपॉडला ते लगेच कळतं.

गटाने जाण्याचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. एकट्याला एका उजेडात एकच निर्णय नीट तपासता येतो. तिघांना तीन. सगळ्यांनी दोन दिवस एकच फिल्म वापरायची, समजा ४०० आयएसओची (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा). दुपारच्या उन्हात, उन्हाचा उतार आणि गर्द सावली दोन्ही असलेलं एक दृश्य निवडायचं. सावलीवर मीटर धरून दोन स्टॉप वजा केलेला आकडा पहिल्याने वापरायचा, दुसऱ्याने त्याहून एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा, तिसऱ्याने दोन. अ‍ॅपर्चर (भिंगाचं उघडं तोंड) तिघांचं सारखं, एफ/८ किंवा एफ/११, बदल फक्त शटरमध्ये. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांचे शटर मंदावलेले असू शकतात, म्हणून शेवटी तिन्ही आकडे प्रत्येक कॅमेऱ्यावर आळीपाळीने घेतलेले बरे. तेवढ्या फ्रेम खर्ची पडल्या तरी सत्कारणी लागतात.

परत आल्यावर रोल फार दिवस पडू द्यायचे नाहीत, कारण सुप्त प्रतिमाही हळूहळू फिकी होते. तिन्ही रोल एकाच टाकीत, एकाच डेव्हलपरमध्ये धुवावेत. मग भिंग घेऊन थेट सावलीचा भाग बघायचा, ढगांकडे नंतर. पहिल्या फ्रेममध्ये खोडाच्या सालीचा पोत येत असेल, तर फिल्म, मीटर आणि डेव्हलपर यांचं जुळलेलं आहे आणि डबीवरचा ४००चा आकडा तसाच ठेवायचा. पहिली कोरी आणि दुसरी बोलकी असेल, तर त्या कॅमेऱ्यासाठी मीटरवर २०० लावायचं, म्हणजे तो आपोआप एक स्टॉप जास्त प्रकाश सुचवेल. पोत थेट तिसऱ्या फ्रेममध्येच उगवत असेल, तर १००वर जाण्याआधी मीटरची बॅटरी आणि शटर तपासून घ्यायचे.