पार्श्वभूमी: खान्देशातल्या हिशेबाच्या टेबलावर ऑल्ट-ई-एस-व्ही अजून का चालते

जिनिंगचा वजनकाटा असो, केळीची आडत असो की कर सल्लागाराचे ऑफिस, खान्देशात पंधरा-वीस वर्षे एक्सेलवर बसलेल्या माणसाला सूत्र काढून नुसती किंमत, म्हणजे त्यातून आलेला आकडा, ठेवायची असली की तो कंट्रोल-सी मारतो आणि मग ऑल्ट, ई, एस, व्ही, एंटर. यातला 'ई' म्हणजे एडिट मेनू. तो मेनू एक्सेल २००७ पासून पडद्यावर नाही. तरी त्याची बटणे २०१०, २०१६ आणि आजच्या वर्षाच्या वर्गणीवर मिळणाऱ्या एक्सेलमध्येही चालतात. नव्याने कामाला लागलेली मुले पडद्यावर 'ई' शोधतात आणि तो सापडत नाही. त्याचा उलगडा जुन्या आवृत्त्यांत आहे.

१९७९ चा व्हिजिकॅल्क हा स्प्रेडशीट, म्हणजे तक्त्यात गणित करणारा प्रोग्रॅम, ॲपल टू संगणकावर चाले. त्या कीबोर्डवर बाणाची दोनच बटणे होती, डावे आणि उजवे. वर-खाली जायचे तर आधी स्पेसबार दाबून दिशा बदलावी लागे. कमांड द्यायची तर '/' दाबायचा आणि पुढे कामाचे अक्षर. १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने हा '/' तसाच ठेवला आणि फंक्शनच्या बटणांना कामे नेमून दिली: एफ२ ने सेलमधली दुरुस्ती, एफ४ ने सेलचा संदर्भ जागेवर बांधणारे डॉलरचे चिन्ह, एफ५ ने थेट हव्या त्या सेलवर, एफ९ ने पुन्हा गणित. ही चारही कामे आजच्या एक्सेलमध्ये त्याच बटणांवर आहेत. रिकाम्या सेलवर उभे राहून '/' दाबून पाहा, ऑल्ट दाबल्यासारखी अक्षरे रिबनवर, म्हणजे पडद्यावरच्या वरच्या बटणांच्या पट्टीवर, उमटतात. लोटसवरून आलेल्या लोकांसाठी केलेली ती सोय आजतागायत काढलेली नाही.

ही अक्षरे कोणाच्या मालकीची, यावर अमेरिकेत १९९० पासून खटलाही चालला. क्वाट्रो या प्रतिस्पर्धी स्प्रेडशीटने लोटसची कमांडची रचना, म्हणजे पन्नासहून अधिक मेनूंतल्या ४६९ कमांड, त्याच क्रमाने देऊ केली होती. खालच्या न्यायालयात लोटसची सरशी झाली. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने मेनूचा क्रम ही काम करण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट लागत नाही, असे ठरवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार पडली आणि अपिलाचा निकाल कायम राहिला. बोटांची सवय कोणा एका कंपनीच्या मालकीची झाली नाही, ही मोठी गोष्ट आहे.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. कॉपी-पेस्टची एक्स, सी, व्ही ही अक्षरे ॲपलच्या संगणकांवरून आली. त्याआधीची विंडोजची जोडी कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट अशी होती. तीही अजून चालते. 'सी'चे बटण झिजून बसलेल्या कीबोर्डवर तिचा आजही उपयोग होतो.

आपल्याकडे एक्सेल हातात बसले ते ९७ ते २००३ या आवृत्त्यांच्या काळात. रोजमेळ आणि खतावणी टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये गेली होती. भावाचे तक्ते, काटा पावत्यांची यादी, हमाली-तोलाईचे हिशेब आणि पगारपत्रक एक्सेलमध्ये आले. क्लासमध्ये शिकवले जाई ते मेनू उघडून माउसने. पण एका बैठकीत शेकडो पावत्या चढवणाऱ्याला कीबोर्डवरून हात उचलणे परवडत नाही. त्यामुळे मेनूच्या नावाखालचे अधोरेखित अक्षर पाहून लोकांनी आपापल्या साखळ्या पाठ केल्या: गाळणीला (फिल्टर) ऑल्ट-डी-एफ-एफ, कॉलमची रुंदी बसवायला ऑल्ट-ओ-सी-ए, ओळ घालायला ऑल्ट-आय-आर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दर चार-पाच ओळींनी कंट्रोल-एस मारायची सवयही याच हातांना लागली. एक्सेल आपोआप प्रत जपते ती ठरावीक दहा मिनिटांनी, आणि यूपीएसची बॅटरी तेवढा वेळ टिकेल याची खात्री नसे.

मग २००७ चा निर्णय आला, आणि त्यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. मेनू काढून त्याजागी रिबन आणली गेली. बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे, की कमांड इतक्या वाढल्या आहेत की मेनूत मावत नाहीत, आणि लोक ज्या सोयी मागतात त्यांतल्या बऱ्याच आधीपासून आत आहेत, फक्त सापडत नाहीत. माउसने काम करणाऱ्यासाठी हे म्हणणे खरे होते. बटणांवर चालणाऱ्याचे मात्र पाठ केलेले सगळे पडद्यावरून एका दिवसात गेले. २००३ मध्ये मेनू आपल्या सोयीने मांडता येत असे. २००७ ची रिबन वापरणाऱ्याला बदलता येत नसे, ती मुभा २०१० मध्ये मिळाली.

या निर्णयातला शहाणपणाचा भाग अक्षरांच्या वाटपात दिसतो. नव्या टॅबना दिलेली अक्षरे पाहा: होमला एच, इन्सर्टला एन, पेज लेआउटला पी, फॉर्म्युलाला एम, डेटाला ए, रिव्ह्यूला आर, व्ह्यूला डब्ल्यू. इन्सर्टला आय नाही आणि डेटाला डी नाही. ई, व्ही, आय, ओ, टी, डी ही जुन्या मेनूंची अक्षरे मोकळी राहिली. त्यांतले एक ऑल्टबरोबर दाबले की पडद्याच्या वरच्या बाजूला छोटी चौकट येते, जुन्या आवृत्तीतली बटणे पुढे दाबत राहा असे सांगणारी, आणि साखळी पुरी झाली की काम होते. मेनू दिसत नाही, पण त्याचा नकाशा आत शाबूत आहे. ऑल्ट-ई-एस-व्ही टिकली ती यामुळे.

जी अक्षरे नव्या टॅबनी घेतली तिथे मात्र जुनी सवय फसते. एफ आता फाइलचा, पण सेव्ह आणि सेव्ह ॲजची अक्षरे तीच राहिल्याने तिथे फारसे अडत नाही. डब्ल्यू विंडो मेनूचा होता, तो व्ह्यूने घेतला. वरची ओळ गोठवायला २००३ मध्ये ऑल्ट-डब्ल्यू-एफ पुरे होते. आता त्यावर यादी उघडून थांबते, आणखी एक एफ दाबावा लागतो. तो न दाबता पुढचा आकडा लिहायला घेतला की आकडा सेलमध्ये जात नाही, आणि घाईत ते लक्षातही येत नाही.

क्विक ॲक्सेस पट्टीवर, म्हणजे ज्याने त्याने आपल्या सोयीची बटणे लावायच्या पट्टीवर, पेस्ट व्हॅल्यूज (नुसती किंमत चिकटवण्याची कमांड) ठेवून ऑल्ट-१ वापरा, असा सल्ला नेहमी दिला जातो. एकाच लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तो ठीक आहे. पण एका संगणकावर तिघे बसतात, वर्षअखेरीला सीएच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या मशीनवर काम करावे लागते, तिथे ऑल्ट-१ भलतेच काही करते. ऑल्ट-ई-एस-व्ही कुठल्याही मशीनवर तेच काम करते. हिशेबनीसाला पाठ करायला सांगावे ते हेच.

ओळींची संख्याही २००७ च्याच आवृत्तीत बदलली: ६५,५३६ वरून १०,४८,५७६. फाइल जुन्या स्वरूपाची आहे का, हे ओळखायला रिकाम्या कॉलममध्ये कंट्रोल-खालचा बाण मारावा. ६५,५३६ वर थांबले तर फाइल अजून .एक्सएलएस आहे. नव्या फाइलमधली मोठी यादी त्या स्वरूपात सेव्ह केली तर मर्यादेपलीकडच्या ओळी जातात.

टॅली आणि एक्सेल यांची बटणे एकमेकांना छेद देतात, ही अडचण व्यापारी पेठेत सर्वांत जास्त दिसते. टॅलीत एफ२ ने तारीख बदलते, एक्सेलमध्ये सेल उघडतो. एफ५ तिकडे पेमेंट, इकडे गो टू. कंट्रोल-ए तिकडे व्हाउचर मान्य करते, इकडे पूर्ण तक्ता निवडला जातो, आणि पाठोपाठ डिलीट लागले तर सगळे साफ. तेव्हा लगेच कंट्रोल-झेड. एफ९ चा फटका याहून लपलेला आहे. टॅलीत ते खरेदीचे बटण. एक्सेलमध्ये सूत्र उघडे असताना एफ९ दाबला तर सूत्राच्या जागी त्या क्षणाचा आकडा येतो. एंटर मारले की सूत्र गेले, बेरीज तशीच दिसत राहते आणि वरचे आकडे बदलले तरी हलत नाही. अशा वेळी एस्केप दाबावे.

एफ४ चे काम रुईच्या हिशेबात नेमके कळते. रुईचा भाव ३५५.६२ किलोच्या खंडीला बोलतात आणि गाठ साधारण १७० किलोची. ३५५.६२ हा आकडा एका सेलमध्ये ठेवून सूत्रात त्यावर एफ४ मारला नाही, तर सूत्र खाली ओढताना संदर्भही एकेक ओळ खाली सरकतो. खालचा सेल रिकामा असेल तर शून्याने भागल्याची चूक दिसते, तेवढे बरे. तिथे हमालीचा दर लिहिलेला असेल तर चूक दिसतच नाही, फक्त रक्कम चुकीची येते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एक्सेलवरचे काम एकदम वाढले. ऑगस्ट २०२० पासून २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे विवरण मिळू लागले, आणि १ जानेवारी २०२२ पासून त्यात दिसत नसलेल्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणजे आपली खरेदी आणि २बी दर महिन्याला बिलवार जुळवणे आले. इथे जुन्या साखळ्यांनी पुन्हा किंमत वसूल करून दिली. आकडा मजकूर म्हणून आला असेल आणि बेरजेत धरला जात नसेल तर कॉलम निवडून ऑल्ट-डी-ई-एफ: टेक्स्ट टू कॉलम्स उघडते, लगेच पुरे होते आणि आकडे खरे आकडे होतात. बिल नंबरला मात्र हे करू नये, सुरुवातीची शून्ये जातात. ५-१२ सारखा बिल नंबर एक्सेल तारीख समजते, म्हणून चढवण्याआधीच कॉलम निवडून कंट्रोल-१ ने टेक्स्ट करून ठेवावा. नंतर केले तर तारखेचा आतला क्रमांक उमटतो, मूळ नंबर परत येत नाही.

काट्याच्या यादीत एका शेतकऱ्याच्या तीन गाड्या असल्या की नाव पहिल्या ओळीतच लिहिलेले असते. नावानुसार बेरीज करायची तर खालच्या रिकाम्या जागा भराव्या लागतात. फक्त नावाचा कॉलम, यादीच्या शेवटच्या ओळीपर्यंत निवडा. पूर्ण तक्ता निवडला तर ओलाव्याच्या कॉलममधल्या रिकाम्या जागाही भरल्या जातील. एफ५, ऑल्ट-एस, के, एंटर: फक्त रिकामे सेल निवडलेले राहतात. आता '=' लिहा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल-एंटर मारा. प्रत्येक सेल आपल्या वरचे नाव घेतो. इथे थांबून लगेच क्रम लावला तर नावांची सरमिसळ होते, कारण प्रत्येक सूत्र 'वरचा सेल' एवढेच पाहते आणि वरची ओळ बदललेली असते. म्हणून पूर्ण कॉलम पुन्हा निवडून कंट्रोल-सी, ऑल्ट-ई-एस-व्ही, एंटर, आणि मग क्रम. तुटक निवडीवर कॉपी-पेस्ट नीट होत नाही, त्यामुळे पुन्हा निवडणे टाळता येत नाही. ज्या सेलमध्ये कोणी स्पेस मारून ठेवला आहे तो रिकामा धरला जात नाही, तेवढा हाताने पाहावा.

लॅपटॉप आल्यापासून तक्रारींचा प्रकार बदलला. एफ२ दाबले की आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो, कारण त्या ओळीचे पहिले काम कंपनीने ते ठेवलेले असते. एफएन बरोबर दाबावे, किंवा बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केपने एफएनचे कुलूप चालू-बंद करता येते. बाण दाबल्यावर सेल न हलता पूर्ण पान सरकते तेव्हा स्क्रोल लॉक लागलेला असतो. हे बटण अनेक लॅपटॉपवर नसतेच, तेव्हा पडद्यावरचा कीबोर्ड उघडून ते काढावे.

नुसती किंमत चिकटवायला गूगल शीट्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही पूर्वीपासून आहे, आणि वर्गणीच्या एक्सेलमध्येही ते अलीकडे आले. तीन बटणे एकदम, साखळी नाही, त्यामुळे नवीन मुले तेच उचलतात आणि त्यांनी उचलावेही. पण एक्सेल २०१० किंवा २०१६ चालवणाऱ्या मशीनवर ते चालत नाही, आणि अशा मशीन आडत-दुकानांत व जिनिंगच्या ऑफिसांत अजून भरपूर आहेत. तिथे ऑल्ट, ई, एस, व्ही, एंटर.