पारसिकचा दगड, चंद्राची माती आणि ऑक्सिजन

कळवा सोडलं की लोकलच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो ना, त्याचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि पौर्णिमेला चंद्रावर जो ससा दिसतो तो काळपट भागपण बेसॉल्टच. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या दगडात वजनाने 40 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन आहे! चंद्रावर हवा नाहीये एवढंच, ऑक्सिजन पायाखाली ढीगभर पडलाय, पण लोखंड, सिलिकॉन, टायटॅनियमने त्याला घट्ट धरून ठेवलंय.

कोविडमध्ये आमच्या सोसायटीत एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघरी फिरत होता, तो चंद्रावर नेला तर उपयोग शून्य. ते मशीन ऑक्सिजन बनवत नाही, हवेतला नायट्रोजन अडवतं बस. तिथे अडवायला हवाच नाही.

मग समजायला सोपी पद्धत इल्मेनाइटची. आमच्या रत्नागिरीकडे किनाऱ्यावर काळी वाळू असते, तिच्यात हेच खनिज, लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं. ते 900-1000 डिग्रीला तापवून वरून हायड्रोजन सोडला की तो थोडा ऑक्सिजन ओढून घेतो, पाण्याची वाफ होते, मग त्या पाण्यात करंट सोडायचा, ऑक्सिजन श्वासाला आणि हायड्रोजन परत भट्टीत, म्हणजे तोच तो पुन्हा पुन्हा वापरता येतो, एकदम आपल्या आज्जीचा हिशोब. पण माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि इथे इल्मेनाइटच्या वजनाच्या जेमतेम 10 टक्के सुटतो, म्हणजे माणशी रोज साधारण 8 किलो इल्मेनाइट, तेही मातीतून निवडून काढलेलं.

युरोपियन स्पेस एजन्सीने 2020 मध्ये नेदरलँड्सच्या लॅबमध्ये दुसराच मार्ग धरला. चंद्रासारखी नकली माती वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये 950 डिग्रीला ठेवून करंट दिला, की ऑक्सिजन बाहेर आणि मागे उरतात मिश्रधातू. मला हा जास्त पटतो, कारण मातीतला बहुतेक सगळा ऑक्सिजन निघतो आणि धातू बोनस.

अडतं ते विजेवर. चंद्राची रात्र आपल्या 14 दिवसांची, 2023 ला चांद्रयान-3 चे विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर त्या रात्री झोपले ते उठलेच नाहीत, तिथे भट्टी कशी पेटती ठेवणार? म्हणून सगळ्यांचा डोळा दक्षिण ध्रुवाजवळच्या उंच कड्यांवर, तिथे वर्षातला बराच काळ ऊन असतं. शेजारच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत बर्फपण आहे, तो मिळाला तर भट्टीच नको, वितळवा आणि करंट सोडा. फक्त त्या काळोखात, उणे 200 डिग्रीच्या आसपासच्या थंडीत, खोदायला पाठवायचं कोणतं मशीन?